रानडुकरांसाठी कोणत्या कॅलिबरची रायफल घ्यावी? (टेक्सास)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. ऑस्टिनच्या पूर्वेला, घरापासून तासाभराच्या अंतरावर, आम्ही दोघांनी तीन वर्षांपूर्वी २२ एकर जमीन घेतली. निम्म्या जमिनीवर बर्म्युडा गवत आहे, ते शेजारचा गुरंवाला कापून नेतो. उरलेल्यात पोस्ट ओकची झाडं, यॉपॉनची दाट जाळी आणि मधून वाहणारा एक ओढा. गेल्या हिवाळ्यापासून रानडुकरांनी उच्छाद मांडला आहे. एका रात्रीत अर्धा एकर असा उकरतात की सकाळी बघितल्यावर कोणी नांगर घालून गेलाय असं वाटावं. मागच्या महिन्यात शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र अशाच खड्ड्यात आदळलं, दांडा वाकला. तो भला माणूस आहे, पण त्याने स्पष्ट सांगितलं की बंदोबस्त झाला नाही तर पुढच्या वर्षी गवत नेणार नाही. त्याने गवत नेलं नाही तर जमिनीला शेतीच्या दराने लागणारा कर जाईल, आणि तो फरक आम्हाला झेपणारा नाही.

माझा बंदुकीशी संबंध सांगलीला कॉलेजात एनसीसीत .२२ रायफल चालवली तेवढाच. आता घ्यायची तर एकच रायफल घेईन आणि तीच नीट शिकेन. शेजारी म्हणतो .२२३ पुरे (हा आकडा म्हणजे गोळीची साधारण जाडी, इंचात). दुकानदार म्हणाला .३०८ घ्या. इंटरनेटवर एक गृहस्थ .४५-७० शिवाय ऐकायला तयार नाहीत. माझं मचाण फीडरपासून (मका टाकणाऱ्या यंत्रापासून) ८० मीटरवर आहे, उघड्या शेतात जास्तीत जास्त १५० मीटर. कॅमेऱ्यात दिसतो तो दहा-बारांचा कळप, त्यात दोन मोठ्या माद्या, आणि मागाहून एकटा येणारा एक दांडगा नर.

जनावर पटकन मेलं पाहिजे, तडफडत राहता कामा नये. एवढी एकच अट.

धुक्यातली_वाट
.३०८. दुसरा विचार करू नका.

बेलाचं_पान
कॅलिबरच्या आधी एक विचारते, राग मानू नका: तुम्ही एच-वन-बीवर आहात की ग्रीन कार्डवर?

खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला टेक्सासमध्ये २०१९ पासून शिकारीचा परवाना लागत नाही. त्यामुळे आपले बरेच लोक समजतात की कसलाच कागद नको. पण केंद्राच्या कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक हातात घ्यायलाच मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेत काढलेला चालू शिकार परवाना. म्हणजे डुकरासाठी परवाना लागत नसला तरी तुमच्या व्हिसासाठी लागतो. आमच्या ओळखीतला एक मुलगा मित्रांबरोबर रेंजवर गेला, फोटो टाकले, आणि नंतर वकिलाकडे चकरा मारत बसला. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही.

कृष्णाकाठ
@बेलाचं_पान, ग्रीन कार्ड आहे. पण हे लिहिलंत ते फार बरं केलंत, मला माहीत नव्हतं. माझा भाचा सुट्टीत येतो तेव्हा लक्षात ठेवेन.

रानवाट
मी १४ वर्षं टेक्सासमध्ये डुकरं मारतोय, बहुतेक शेतकऱ्यांच्या बोलावण्यावरून. कॅलिबरचं नंतर सांगतो, आधी गोळी कुठे लावायची ते बघा, कारण निम्म्याहून जास्त डुकरं तिथेच हातची जातात.

आपल्या डोक्यात हरणाचं चित्र असतं: पुढच्या पायामागे चार बोटं, शरीराच्या मध्यावर. डुकराला तिथे लावलीत तर गोळी यकृतात नाहीतर पोटात जाते आणि जनावर दोन मैल पळून मरतं. डुकराचं हृदय दोन पुढच्या पायांच्या मध्ये, अगदी खाली असतं. फुफ्फुसं फऱ्याच्या आड असतात, फार मागे येत नाहीत. आणि खांद्यापाशी कणा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच खाली असतो. वरचा तिसरा हिस्सा म्हणजे नुसते केस, चरबी आणि मणक्यांचे उंच काटे. तिथे लागली की डुक्कर दगडासारखं कोसळतं, तुम्ही मचाणावरून उतरता, आणि अर्ध्या मिनिटात ते उठून जाळीत नाहीसं होतं. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत वर या, खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर धरा. बास.

आता ढाल. वयात आलेल्या नराच्या दोन्ही फऱ्यांवर कातडीखाली कूर्चेसारखा चिवट थर जमतो. नर एकमेकांना सुळे मारतात ना, ते याच थरावर झेलतात. मी सोललेल्या मोठ्या नरांत हा थर दीड इंचापर्यंत भरला आहे. सुरी त्यावर टायरच्या रबरावर घासल्यासारखी करकरते, आणि दोन हात कापलं की पुन्हा धार लावावी लागते. ही ढाल गोळी अडवते ही दंतकथा आहे. पण हलकी, ठिसूळ गोळी तिच्यावर फुटते हे मी स्वतः पाहिलंय.

सुरुवातीला माझ्याकडे .२२३ होती आणि काडतुसं ५५ ग्रेन वजनाच्या गोळीची, कोयोटीसाठीची (कोल्ह्यासारखं जनावर). ७० मीटरवर एका नराला बरोबर फऱ्यात बार काढला. तो बसला, उठला, गेला. रात्री साडेदहापासून दोन वाजेपर्यंत मी यॉपॉनच्या जाळीत गुडघ्यांवर रांगत होतो. डुकराची चरबी जखम बुजवते आणि उरलेलं रक्त केस पितात, त्यामुळे माग असा लागतच नाही. मला चार पानांवर चार थेंब मिळाले. सकाळी गिधाडं उतरली तेव्हा सापडला, ओढ्यात तोंड घालून मेला होता. गोळीचे तुकडे ढालीत आणि फऱ्याच्या हाडात, एकच कपची फुफ्फुसापर्यंत गेलेली. किती तास लागले असतील त्याला, हे अजून मनातून जात नाही.

म्हणून माझं उत्तर: .३०८, १५० किंवा १६५ ग्रेन, आणि गोळी अशी की जिचं आवरण आतल्या शिशाला जोडलेलं आहे किंवा जी अखंड तांब्याची आहे. आरपार गेली पाहिजे. दोन भोकं असली तरच माग लागतो.

पेकनची_सावली
@रानवाट यांच्याबद्दल आदर आहे, पण त्यांच्या गोष्टीत दोष .२२३ चा नाही, काडतुसाचा आहे. ते स्वतःच सांगतायत की कोयोटीची गोळी डुकराला मारली.

मी आमच्या पेकनच्या बागेत .२२३ नेच काम करतो. ६२ ग्रेनची, शिसं जोडलेली गोळी, अंतर ६०-७० मीटर, आणि नेम कानाच्या मुळाशी. डुक्कर मक्यात तोंड घालून उभं असतं तेव्हा जागेवर पडतं, पाय झाडत नाही. शिवाय धक्का इतका कमी की दुर्बिणीतून नजर हलत नाही आणि दुसरं, तिसरं डुक्कर पळायच्या आत टिपता येतं. कृष्णाकाठ यांच्याकडे दहा-बारांचा कळप आहे. मादी सहा-आठ महिन्यांत माजावर येते, चार महिन्यांपेक्षा कमी गाभण राहते, एका वेताला चार-सहा पिल्लं. एकच मोठं डुक्कर झोकात पाडून काय होणार?

रानवाट
@पेकनची_सावली, काडतुसाबद्दल तुमचं मान्य. पण कानाच्या मुळाशी जागा लिंबाएवढी असते आणि डुकराचं डोकं खाताना एक क्षण स्थिर नसतं. तुमचा हात वर्षानुवर्षांचा आहे. नवशिक्याचा नेम तीन इंच पुढे गेला तर जबडा उडतो, आणि जबडा उडालेलं डुक्कर उपाशी मरतं. नवीन माणसाला मी डोक्यात मारायचा सल्ला देणार नाही, आणि फऱ्यात मारायचं तर .२२३ मध्ये चुकीला जागा उरत नाही.

पेकनची_सावली
नवशिक्याने डोक्यात मारू नये, हे पटलं.

वजनकाटा
आकडे कोणीच दिले नाहीत म्हणून देतो. कॅलिबर म्हणजे फक्त गोळीची जाडी. .२२ आणि .२२३ या दोन्हींची गोळी जवळजवळ सारख्याच जाडीची, ५.७ मिमीच्या आसपास. एकीने ससा मारतात आणि दुसरी सैन्याच्या रायफलीतल्या काडतुसाची जुळी बहीण. फरक वजनात आणि वेगात. ग्रेन हे वजन: ७००० ग्रेनचा एक पौंड, म्हणजे १५० ग्रेनची गोळी पावणेदहा ग्रॅमची.

नळीच्या तोंडाशी साधारण हिशेब असा. .२२३, ६२ ग्रेन, सेकंदाला ९१० मीटर: सुमारे १७०० ज्यूल. .३०-३०, १५० ग्रेन, ७३० मीटर: २६०० च्या जवळ. .३०८, १५० ग्रेन, ८६० मीटर: ३६०० च्या आसपास. जुनी .४५-७०, ४०५ ग्रेनची जड गोळी, ४०० मीटर: २१०० च्या आसपास. .३०० ब्लॅकआउटचं आवाजापेक्षा हळू जाणारं २२० ग्रेनचं काडतूस: जेमतेम ६५०-७००.

.४५-७० हे १८७३ चं काडतूस आहे, जवळून उत्तम, पण गोळी इतकी हळू की १५० मीटरवर ती चांगलीच खाली येते आणि अंतराचा अंदाज दहा-पंधरा मीटर चुकला तरी नेम बिघडतो. कृष्णाकाठ यांच्या उघड्या शेताला ते नको.

हिवाळी_सफरचंद
जर्मनीतून लिहितेय. इथे हा वाद होतच नाही, कारण उत्तर कायद्यातच लिहिलेलं आहे. रानडुक्कर, लाल हरीण वगैरे खुरांच्या मोठ्या जनावरांसाठी गोळी कमीत कमी ६.५ मिमी जाडीची हवी आणि १०० मीटरवर तिच्यात किमान २००० ज्यूल शिल्लक हवेत. छोट्या रो हरणाला १००० चालतात. म्हणजे .२२३ ने डुक्कर मारणं इथे सरळ बेकायदा. .३०० ब्लॅकआउट तर नळीच्या तोंडाशीच २००० ला पोचत नाही.

माझ्या नवऱ्याने शिकारीची परीक्षा दिली तेव्हा मी त्याचा अभ्यास घेत होते. कायदा, रोग, झाडं, कुत्री, आणि शेवटी रुळावरून पळणाऱ्या कागदी डुकरावर नेम. त्याच्याकडे ८x५७ आहे, शंभराहून जास्त वर्षांचं जुनं काडतूस. हिवाळ्यात हाक्याची शिकार होते, कुत्री डुकरं उठवतात आणि ती चाळीस मीटरवरून झाडांमधून धावत जातात. तिथे तो म्हणतो की जड आणि जरा हळू गोळी बरी.

आणि मांस खायच्या आधी प्रत्येक डुकराचा नमुना ट्रिकिनेला या कृमीसाठी तपासायला द्यावाच लागतो. बव्हेरियाच्या काही भागांत तर अजून चेर्नोबिलच्या किरणोत्सारी सिझियमसाठीही मोजतात, किलोला ६०० बेकरेलच्या वर गेलं तर विकता येत नाही. डुकरं जमिनीखालची कवकं उकरून खातात, त्यातून येतं.

वजनकाटा
@हिवाळी_सफरचंद, १०० मीटरवर २००० ज्यूल ही रेघ मला फार शहाणपणाची वाटते. .२४३ सुद्धा बाहेर पडते, कारण तिची गोळी ६.२ मिमीची.

कुसुंबी
.२४३ बाहेर काढायच्या आधी माझं ऐका.

मी पाच फूट एक इंच, वजन ५० किलो. नवऱ्याची .३०८ हलकी होती, पहिल्याच दिवशी वीस बार काढले आणि खांदा काळानिळा झाला. वाईट त्यापुढे होतं. मला नकळत चाप ओढायच्या आधी डोळे मिटायची सवय लागली. रेंजवरच्या म्हाताऱ्या शिक्षकाने मला न सांगता रायफलीत रिकामं डमी काडतूस घातलं. मी चाप ओढला, बार झालाच नाही, आणि नळी मात्र एवढी खाली गेली की मी स्वतःच बघत राहिले. त्या सवयीने जंगलात मी डुकराच्या पायाखालची माती उडवली असती.

मग ६.५ क्रीडमोर घेतली, १४० ग्रेनच्या आसपासची गोळी. धक्का बराच कमी, आणि जर्मनीच्या रेघेतही बसते. गेल्या तीन वर्षांत ११ डुकरं, एक सोडून सगळी पन्नास पावलांच्या आत पडली. ती एक चूक माझी होती, वाऱ्याने हलणाऱ्या फांदीतून मारली.

कृष्णाकाठ, दुकानात रायफल खांद्याला लावून बघू नका, रेंजवर भाड्याने घेऊन २०-२० बार काढा. ज्या रायफलीला तुम्ही बिचकत नाही, ती तुमची.

पेकनची_सावली
@कुसुंबी, डमी काडतुसाची युक्ती प्रत्येकाने करावी. माझ्या मुलाला तशीच शिकवली.

चांदणवेल
मला हा धागा वाचवत नाही. डुकरीण आणि तिची पिल्लं याबद्दल तुम्ही सगळे पाण्याची मोटर घ्यावी तसं बोलताय. जमीन त्यांचीही नाही का?

माडाखाली
@चांदणवेल, ताई, तुमच्या भावनेला नमस्कार. मी सिंधुदुर्गातला, भात आणि नाचणी करतो, थोडा भुईमूग. दसऱ्याच्या आसपास भात पिवळं पडतं तेव्हापासून आम्ही घरी झोपत नाही. मळ्यात माळा बांधतो, रात्रभर डबे वाजवतो, हाळी देतो. चार दिवस डुकरं घाबरतात, पाचव्या दिवशी डब्याच्या आवाजात चरतात. जेवढं खातात त्याच्या तिप्पट लोळून आणि तुडवून घालवतात. एका पहाटे माझी आई बांधावर बसून पडलेल्या लोंब्या हाताने उचलून टोपलीत भरत होती. ‘गेला तां गेला, ह्यां तरी घेवया,’ म्हणाली. मला तेव्हा डुकरांचाही राग आला नाही, नुसतं रडू आलं.

आमच्याकडे पीक राखण्यासाठी बंदुकीचा परवाना असतो. माझ्या आजोबांची ठासणीची बंदूक होती, आता वडिलांच्या नावावर १२ बोअरची एकनळी आहे. पण बंदूक आहे म्हणून डुक्कर मारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली; पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याची लेखी परवानगी घेऊनच. आणि निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. ती नेमकी पीक उभं असताना आली तर बसा डबे वाजवत.

कॅलिबरचं विचाराल तर आमच्या हातात निवड अशी नसतेच. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीच्या मापाची नळी. डुकराला एलजी किंवा एसजीचे मोठे छर्रे, तेही तीस पावलांच्या आत. त्यापुढे छर्रे पसरतात, दोन-तीन लागतात आणि जनावर जखमी होऊन कुळागरात शिरतं. जखमी एकुलगा (एकटा फिरणारा नर) माणसाला सोडत नाही. आमच्या वाडीतल्या एका काकांची मांडी अशीच फाटली, ३२ टाके. म्हणून आजोबा म्हणायचे, डोळा दिसला तर बार काढ, नुसती सळसळ ऐकून नको.

चांदणवेल
@माडाखाली, तुमच्या आईचं वाचून माझे शब्द मागे घ्यावेसे वाटले. मारणं मला तरीही पटणार नाही, पण तुमची रात्र मला माहीत नव्हती.

वजनकाटा
@माडाखाली, भारतात .३१५ ची रायफलही परवान्यावर मिळते ना? इंग्रजांनी सैन्याची .३०३ सामान्य माणसाला नाकारली, म्हणून ही वेगळी चालली, आणि आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीने ती पुढे बनवत ठेवली. डुकराला पुरून उरेल.

माडाखाली
मिळते, पण आमच्यात कोणाकडे नाही. आणि वाडी दाट आहे. रायफलची गोळी माडाच्या झापातून जाऊन कुठे थांबेल याचा भरवसा नाही, छर्रे लवकर मरतात. आमच्या जागेला बारा बोअरच बरी.

गोंयचो_पाव
मांसाचं कोणी बोलतच नाही! @कृष्णाकाठ, मादी असेल तर विंदालूला सोनं. मोठा नर मात्र उग्र वासाचा असतो, त्याला व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवलं तरी वास जात नाही. आमच्याकडे रानातलं डुक्कर आता ताटात येत नाही, कायदा आहे, म्हणून तुमचा हेवा वाटतो.

बेलाचं_पान
रेसिपीच्या आधी हातमोजे! रानडुकरांत ब्रुसेला हा जंतू असतो आणि सोलताना हातावरच्या बारीक चिरेतून माणसात येतो. महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, सांधे धरतात, डॉक्टरला शिकारीबद्दल सांगितलं नाही तर निदान लवकर होत नाही. रबरी मोजे घाला, डोळ्यांवर चष्मा असू द्या, आणि मांस आत ७१ अंश सेल्सियसपर्यंत शिजवा. मी दवाखान्यात काम करते, म्हणून कळकळीने सांगते.

ओढ्यापलीकडे
शेवटी एक अवघड गोष्ट. रायफलने तुमचा प्रश्न सुटेलच असं नाही. टेक्सासच्या २५४ काउंट्यांपैकी २५३ मध्ये ही जनावरं आहेत. स्पॅनिश लोकांनी पाळीव डुकरं आणली, ती रानात गेली, पुढे १९३० च्या दशकात शिकारीसाठी युरोपातली रानटी डुकरं सोडली, त्यांची सरमिसळ झाली. आकडा वाढू द्यायचा नसेल तर वर्षाला दोन तृतीयांशाच्या आसपास काढावी लागतात असं इथले कृषी विस्तारवाले सांगतात. एक-एक मारून ते होत नाही. उलट एकीला गोळी लागली की बाकीची शिकतात आणि रात्री दोनला यायला लागतात. मिझूरीने तर २०१६ पासून आपल्या वन्यजीव खात्याच्या जमिनींवर डुकरांची शिकारच बंद केली, कारण गोळीबाराने कळप फुटून पसरत होते आणि सापळे वाया जात होते.

मी मोठा गोल सापळा लावतो, १० मीटर व्यासाचा. दोन आठवडे दार उघडं ठेवून मका घालायचा, कॅमेऱ्यात सगळा कळप आत दिसला की फोनवरून दार पाडायचं. मागच्या खेपेला एका रात्रीत १३.

पेकनची_सावली
@ओढ्यापलीकडे यांचं सोळा आणे खरं. सापळा कळपासाठी, रायफल सापळ्याबाहेर राहणाऱ्या शहाण्या एकुलग्यासाठी. मी मघाशी कळपावर गोळ्या झाडायचं म्हणालो, ते सापळ्याशिवाय अपुरं आहे.

धुक्यातली_वाट
एक धोक्याची सूचना, कारण वर .३०० ब्लॅकआउटचा उल्लेख आला. ते काडतूस .२२३ च्याच कवचापासून बनलंय. त्यामुळे काही वेळा ते .२२३ च्या रायफलीत जातं, बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) बंदही होतो, आणि चाप ओढला की जाडी गोळी बारीक नळीत अडकून रायफल चेहऱ्यासमोर फुटते. आमच्या रेंजवर एकाचं असं झालं. माणूस वाचला, पण रायफलीच्या वरच्या भागाचे तुकडे आम्ही दोघं-तिघं बाकांखालून वेचत होतो. दोन्ही घरात ठेवूच नका, ठेवलीत तर काडतुसांचे डबे वेगळ्या रंगाचे आणि एका वेळी बाकावर एकच.

कृष्णाकाठ
सगळ्यांचं दोनदा वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं. ठरलं ते सांगतो.

कुसुंबीताईंचं ऐकून रेंजवर तीन रायफली भाड्याने घेतल्या. .२२३ फार सोपी. ६.५ क्रीडमोर मऊ. .३०८ ने धक्का दिला, पण रायफल साडेतीन किलोची होती आणि मी बिचकत नव्हतो; डमी काडतुसाची परीक्षा शिक्षकाला सांगून मुद्दाम करून घेतली, नळी हलली नाही. म्हणून .३०८, बोल्टवाली, १५० ग्रेनची जोडलेली गोळी. शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्सही लावतो आहे. कळपासाठी @ओढ्यापलीकडे यांचा सापळा शेजाऱ्याबरोबर निम्म्या खर्चाने उभा करतोय.

माडाखाली, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

कृष्णाकाठ
सात आठवड्यांनी परत आलो. सापळ्यात पहिल्या खेपेला ९ सापडली. दोन दिवसांनी, उजेड असतानाच, बाहेर राहिलेली एक मोठी मादी फीडरवर आली. अंतर ८० मीटर. ती फिरून आडवी होईपर्यंत मी थांबलो, मला वाटतं चार-पाच मिनिटं, कानात माझेच ठोके ऐकू येत होते. पुढच्या पायाच्या रेषेत, खालचा तिसरा हिस्सा. बार काढला. ती वीस पावलं पळाली आणि ओढ्याच्या अलीकडे पडली. मी पंधरा मिनिटं जागेवरून हललो नाही, मग गेलो. मोजे घालून उघडलं: हृदयाचा वरचा भाग फाटलेला, पलीकडे अंगठा जाईल एवढं भोक. तिला फार कळलं नसावं. मी तिच्या शेजारी बराच वेळ बसलो होतो.

पण तो एकटा नर काही येत नाही. कॅमेऱ्यात रोज रात्री दोनच्या पुढे, आणि मी मचाणावर असेन त्या रात्री तर येतच नाही.

रानवाट
शाब्बास. पंधरा मिनिटं थांबलात याचं मला जास्त कौतुक आहे. मचाण फीडरच्या कोणत्या बाजूला आहे?

कृष्णाकाठ
दक्षिणेला.

रानवाट
आपल्या भागात बहुतेक दिवस वारा दक्षिणेचाच असतो. तुम्ही चढता तेव्हा तुमचा वास थेट त्याच्या नाकात जातो. मचाण उत्तरेला न्यायला हवं. पण आधी हे सांगा: उत्तरेकडून मारलंत तर गोळीच्या रेषेत दक्षिणेला काय येतं? .३०८ डुकरातून निघूनही बरीच पुढे जाते.

कृष्णाकाठ
ओढ्याचा काठ. फीडरच्या मागे लगेच दहा-बारा फूट उंच मातीचा कडा आहे. घर, रस्ता, गुरं त्या बाजूला काहीच नाही.

रानवाट
मग शनिवारी सकाळी येतो. दोघांत उचलून होईल.